‘भाऊ सांभाळेल’ हे काही मृत्युपत्र नव्हे



व्यापाऱ्याच्या काट्यावर आपला विश्वास नाही. सावकाराच्या तोंडी हिशेबावर नाही. सरकारच्या आश्वासनावर तर नाहीच नाही. प्रत्येकाला आपण म्हणतो, कागद दाखवा. मग आपल्याच घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाची गोष्ट निघाली की आपल्याला कागद का नको असतो? तिथे एकच वाक्य पुरते: “त्याचं काय, भाऊ सांभाळेल.”

आम्ही आज या वाक्याविरुद्ध लिहीत आहोत.

गावात घर मोजून पाहा. जन्मापासून ऐकता-बोलता न येणारी लेक. पस्तिशीला आला तरी सहा वर्षांच्या लेकराएवढी समज असलेला मुलगा. फिट येते म्हणून लग्न न झालेला. डोक्यावर परिणाम झालेला. लोक त्यांना नावाने हाक मारत नाहीत. भोळा, मुकी, येडा, हीच त्यांची नावे. यांतली कित्येक माणसे बसून खात नाहीत. ढोरे राखतात, शेण काढतात, वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून कापूस वेचतात, जवारीची कणसे खुडतात. मजुरी मात्र कोणाला नाही. घामाचे दाम मागत आपण रस्त्यावर बसलो, रेल्वे अडवली, तुरुंगात गेलो. आपल्या घरात ज्याच्या घामाला कधीच दाम मिळाला नाही, त्याच्या म्हातारपणाची तजवीज कोणी करायची?

जमीन कोणाची?

आधी एक गैरसमज काढून टाकू. “तो भोळा आहे, त्याला काय हिस्सा?” असे पारावर सर्रास बोलले जाते. जुन्या धर्मशास्त्रात तसे होते खरे. आंधळा, बहिरा, मुका, वेडा यांना वारसा नव्हता, फक्त पोटापुरते अन्न होते. १९२८ च्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांवरची बंदी उठवली, तरी जन्मापासून वेडा किंवा मूढ असलेला बाहेरच राहिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने तीही बंदी गेली. कोणताही रोग, व्यंग किंवा अपंगत्व यामुळे वारसा बुडत नाही. पारावरचा कायदा मात्र अजून १९२८ च्या अलीकडे आलेला नाही.

हिशेब सरळ आहे. बापाने स्वतः घेतलेली सहा एकर कोरडवाहू आहे. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आजी हयात नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला तर चौघांना सारखे, म्हणजे दीड-दीड एकर. धाकटा भोळा असला तरी त्याचा दीड एकर, मुलगी सासरी गेली असली तरी तिचा दीड एकर. जमीन वडिलोपार्जित असेल तर आकडे बदलतात, पण हक्क कोणाचाच बुडत नाही. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्का मारला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. मुसलमान घरात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येते, बाकीचे शरियतच्या हिश्शाने जाते. आदिवासी बांधवांना १९५६ चा कायदा लागू नाही, त्यांच्याकडे रिवाज चालतो. त्यांनी जाणत्या वकिलाला विचारूनच पुढे जावे.

हिस्सा जातो कसा?

कायद्याने मिळालेला हिस्सा कागदावर कसा गळतो, हे प्रत्येक तलाठ्याला माहीत आहे. बाप मेला की वारसाची नोंद होते. अर्ज थोरला करतो, वारसांची यादीही तोच देतो. धाकट्याचे नाव यादीत येतच नाही. आले तरी थोरल्याचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, वर चढते आणि बाकीचे त्याच्या पोटात जातात. काही वर्षांनी ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरे कोणी वाचत नाही, नाव तेवढे राहते. लहानपणी नाव लागले असेल तर पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा असतो. पोरगा चाळिशीला आला तरी शेरा तसाच, पालनकर्ता तोच. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात.

आणि सगळ्यात सोपी वाट हक्कसोडपत्राची. नवी पॅन्ट, नवा सदरा, तालुक्याच्या हॉटेलात भजी, आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर अंगठा. बाहेर येताना भोळा खुशीत असतो, कारण त्याला जीपमध्ये पुढे बसायला मिळालेले असते. कराराच्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे ज्याला व्यवहार कळत नाही त्याने केलेला करार टिकत नाही. पण टिकत नाही हे कोर्टात कोणी सांगायचे? ज्याने सांगायचे तोच अंगठा घेऊन आलेला असतो.

वाटणी झाली तरी पाहा कशी होते. काळी कसदार थोरल्याकडे, नाल्याकाठची मधल्याकडे, आणि बरड भोळ्याच्या नावावर. सोसायटीचा बोजा नेमका त्याच गटावर. वारसाने जमीन येते तसे कर्जही येते. ज्याने कधी एक रुपया उचलला नाही, तो थकबाकीदार होतो.

आता कोणी म्हणेल, भाऊ भावाला टाकत नाही. सगळे टाकत नाहीत, आम्हालाही ठाऊक आहे. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अपंग मुलाची, तो सज्ञान असला तरी, पोटगीची जबाबदारी बापावर आहे. पूर्वी फौजदारी संहितेचे कलम १२५ होते, आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. त्या कलमात भावाचे नाव नाही. बाप गेला त्या दिवशी ती जबाबदारी संपते. पुढे उरते ते भावाचे मन, आणि त्याच्या पुढच्या पिढीचे मन. पुतण्याने काकाला तीस वर्षे सांभाळावे, ही आपली योजना! दुष्काळ, बोंडअळी, पडलेला भाव, मुलीचे लग्न, दवाखाना, या सगळ्यांतून ते मन तसेच टिकेल असे आपण धरून चालतो. एवढ्या भरवशावर आपण शेजाऱ्याला बैलजोडीसुद्धा देत नाही.

हयातीत करायची कामे

पहिले काम, आजच सातबारा आणि आठ-अ काढा आणि मोठ्याने वाचा. घरातल्या बायांना बसवून वाचा. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, कोणापुढे ‘ए.कु.मॅ.’ आणि ‘अ.पा.क.’ लिहिले आहे ते पाहा. मेलेल्याचे नाव असेल तर वारसनोंद करून घ्या. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ म्हणून मोहीमच काढली. त्या मोहिमेत आपल्या गावच्या भोळ्या-मुक्यांची नावे लागली की गळाली, हे कोणी तपासले का? नोंदीला हरकत घ्यायची मुदत पंधरा दिवसांची असते. ती नोटीस चावडीवर वाचणारे दोन तरुण प्रत्येक गावात हवेत.

दुसरे काम, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात, आणि लिहून देणाऱ्याने सही केल्याचे दोघांनीही पाहिलेले असावे. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या. पुढे कोणी “म्हाताऱ्याला भान नव्हते” म्हणू नये म्हणून डॉक्टरचा दाखला जोडा. जीव असेपर्यंत मृत्युपत्र कितीदाही बदलता येते, त्यामुळे हातातले काही जात नाही. वडिलोपार्जित जमिनीत स्वतःच्या हिश्शापुरतेच लिहिता येते, हे ध्यानात ठेवा. बँकेत नॉमिनी लावला की काम झाले असे समजू नका. नॉमिनी पैसे उचलणारा असतो, मालक वारसच असतो.

त्यात काय लिहायचे? ‘सांभाळावे’ एवढे लिहू नका. अमुक गटातली अमुक आर जमीन धाकट्याच्या नावे राहील असे लिहा. जमीन थोरल्याला द्यायची असेल तर तिच्यावर धाकट्याच्या पोटगीचा बोजा हयातभर राहील असे लिहा, म्हणजे तो ‘इतर हक्क’ या रकान्यात चढवता येईल आणि जमीन घेणाऱ्याला आधी दिसेल. घरातली कोणती खोली त्याची, तेही लिहा. कसणारा एक ठेवा आणि हिशेब पाहणारा दुसरा. थोरला जमीन कसत असेल तर हिशेब बहिणीने किंवा मामाने पाहावा. दोन्ही चाव्या एका हातात देऊ नका.

तिसरे काम, पालक. मूल अठराचे झाले की कायद्याने मायबापही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, हे फार थोड्यांना माहीत आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. म्हणजे पालक हा मालक नव्हे. हा अर्ज मायबाप हयात असतानाच करा. तुमच्या तोंडून निघालेले नाव समितीपुढे वजनाचे असते. तुमच्यामागे तिथे नातेवाइकांचे भांडण जाते.

आणि जो फक्त ऐकत नाही, बोलत नाही, पाहू शकत नाही किंवा चालू शकत नाही, त्याला पालक लागत नाही. तो पुरा मालक आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने मालमत्ता बाळगायचा, वारशाने घ्यायचा आणि स्वतःचा पैसा स्वतः हाताळायचा त्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्याच कायद्यात असेही आहे की मदत करणाऱ्याचा आणि त्याचा फायदा एकमेकांच्या आड येत असेल तर त्या व्यवहारात मदत करणाऱ्याने बाजूला व्हावे. मुक्या बहिणीची खूण ‘समजून सांगणारा’ भाऊच जमीन घेणारा असेल, तर तो समजून सांगणारा चालणार नाही.

आपल्याच लोकांच्या सबबी

“जितेपणी मरणाचे कागद करू नयेत, अपशकुन होतो.” अपशकुन कागदाने होत नाही. फवारणीच्या विषाने, विजेच्या तारेने आणि गळफासाने आपल्याकडे किती माणसे गेली, ती काय मृत्युपत्र केल्यामुळे गेली?

“घरात भांडण लागेल.” लागू द्या. बाप बसलेला असताना झालेले भांडण चुलीपाशी मिटते. बापाच्या तेराव्यानंतर लागलेले भांडण कोर्टात वीस वर्षे चालते, आणि त्यात भोळ्याच्या बाजूने वकील उभा नसतो.

“दीड एकर कोरडवाहूत येते काय? नावावर करून त्याचे पोट भरणार आहे का?” हा प्रश्न विचारणाऱ्याला आमचा उलट प्रश्न आहे. त्यात काहीच येत नसेल तर ती सोडताना तुझ्या पोटात का दुखते? दीड एकर मक्त्याने दिले तर पीठमिठाची सोय होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला घरात ताट वाढले जाते. ज्याच्या नावावर काही नाही त्याला ताट आठवणीने वाढावे लागते.

“कापसाला भाव मिळाला की सगळ्यांचे नीट करू.” हे बोलणे आम्हाला सर्वांत जिव्हारी लागते, कारण ते आमच्याच तोंडचे आहे. भाव नाही म्हणून घर फाटते, हे आम्हीच गावोगाव सांगितले आणि ते खरेच आहे. पण भावाची लढाई किती वर्षे चालेल कोण जाणे, आणि तोवर माणसे मरायची थांबत नाहीत. सातबारावर नाव लावायला कापसाचा भाव लागत नाही. मृत्युपत्राला साधा कागद लागतो. २०१५ पासून नवरा, बायको, मुले आणि नातवंडे यांना शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा आकार वेगळा पडतो, पण तो काही शेत विकून भरावा लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, बक्षीसपत्र केले की जमीन हातची गेली, मृत्युपत्रात ती मरेपर्यंत तुमचीच राहते. म्हाताऱ्या बायकोची सोय न करता पोरांना सगळे बक्षीस देऊन मोकळे होणारे बाप आम्ही पाहिले आहेत. पुढे त्यांच्या बायकांना लेकांच्या ओसरीवर बसून भाकरीची वाट पाहावी लागते.

चळवळीला हे काम नवे नाही. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावात शंभर किंवा जास्त शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी हे करून दाखवले, आणि तेव्हाही शेतमालाला भाव मिळालेला नव्हता. सरकारला मागून जाग आली आणि नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक १९९२ साली निघाले. जे लक्ष्मीसाठी केले ते घरच्या भोळ्यासाठी, मुकीसाठी का होऊ नये?

सरकारचा हिशेब वेगळा

आपल्या दोषाबद्दल बोललो, म्हणून सरकार सुटले असे नाही. सरकारी नोकराचे मूल मतिमंद असेल आणि कमवू शकत नसेल, तर मायबापामागे त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते मिळायलाच हवे, आमची तक्रार नाही. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला अपंग मुलासाठी करात सूट आहे. ज्याला कर भरण्याएवढी मिळकतच होऊ दिली नाही त्याला सूट कशातून देणार? शेतकऱ्याच्या मुलासाठी आहे ती निराधार योजना, म्हणजे आधी निराधार व्हा, मग दाखला आणा, मग रांगेत उभे राहा. इंडियातले मूल आणि भारतातले मूल, दोघांचे अपंगत्व एक, पण म्हातारपण वेगळे.

आम्ही भीक मागत नाही. उणे सबसिडीने वर्षानुवर्षे आमच्या खिशातून काढले त्याची ही परतफेड आहे. म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक, शेतकऱ्याच्या अपंग मुलाला मायबापामागे हयातभर निवृत्तिवेतन मिळावे.

दोन, राष्ट्रीय न्यासाच्या समितीने तालुक्याला येऊन अर्ज घ्यावेत. मतिमंद लेकराला दोन बस बदलून जिल्ह्याला न्यायला लावू नये.

तीन, वारसनोंदीत घरातल्या अपंग व्यक्तीची वेगळी चौकशी सक्तीची करावी, आणि तिच्या हक्कसोडपत्राची नोंदणी स्वतंत्र माणसाने तिच्याशी बोलल्याशिवाय होऊ नये.

चार, मानसिक आजार असलेल्यांसाठी सोय करावी. १९८७ च्या कायद्यात त्यांच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ती राहिली नाही, आणि त्यासाठी लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते. कापूस पिकवणाऱ्या माणसाने त्यासाठी नागपूर-संभाजीनगरला खेटे घालायचे का?

या मागण्यांसाठी लढूच. पण मागण्या मान्य होईपर्यंत मरणार नाही, असे सरकारने आपल्याला लिहून दिलेले नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमचा ठराव आहे. प्रत्येक गावशाखेने येत्या पेरणीच्या आत एक दिवस ठरवावा. त्या दिवशी चावडीवर गावचे सातबारे वाचावेत. ज्या घरात भोळा, मुकी, आजारी कोणी आहे त्या घरच्या कर्त्याने उठून सांगावे की त्याच्या नावे काय आहे आणि आपल्यामागे त्याचा हिशेब कोण पाहणार आहे. सांगता आले नाही तर कागद करायची तारीख तरी सांगावी. ज्या गावात अशी सगळी घरे कागद करतील त्या गावाचे नाव आम्ही याच पत्रकात छापू. आणि गावातल्या कोणा पुढाऱ्याने भोळ्या भावाचा अंगठा घेऊन जमीन लाटली असेल, तर त्याने आमच्या बिल्ल्यासह व्यासपीठावर बसू नये.

व्यापाऱ्याला आपण काटा दाखवायला लावतो. तोच काटा एकदा आपल्या घरात लावू या.